सशांच्या पेट्यांचा हिवाळा

काल सकाळी नळाखाली हात धरला आणि दचकून मागे घेतला. रात्रीतून पाणी इतकं गार झालं होतं. साताऱ्यात दरवर्षी असा एक दिवस येतो. आदल्या संध्याकाळपर्यंत पंखा लावावा की नको असं चाललेलं असतं, आणि सकाळी खिडकी उघडावी तर अजिंक्यतारा अर्धा धुक्यात बुडालेला आणि खालचा रखवालदार कानाला मफलर गुंडाळून शेकोटीपुढे बसलेला. लोक या थंडीची वाट बघत असतात. मीही लहानपणी बघायचे. काल मात्र ओला हात ओढणीला पुसत मी बराच वेळ तशीच उभी राहिले. तळहातावर काहीतरी ठेवल्यासारखं वाटत होतं. बोटाएवढं, उघडंवाघडं, गुळगुळीत. आणि गार.

त्या हिवाळ्याला आता काही वर्षं झाली. नंतर आयुष्यात बरंच काही घडलं, पण अंगाने लक्षात ठेवलेला धक्का तो एकच.

लग्न होऊन मी म्हसवडजवळच्या एका वस्तीवर आले त्यानंतरचा तो दुसरा हिवाळा. माझं माहेर सांगलीचं. सांगलीची थंडी म्हणजे कृष्णेवरचं धुकं, ओल्या गवताचा वास, शाळेला जाताना तोंडातून वाफा काढायची गंमत. तिकडची, माण तालुक्यातली थंडी तशी नाही. ती कोरडी असते. माळावरून वारा सुटतो, त्याला वाटेत अडवायला काही नसतं, चार बाभळी आणि दगडांचे बांध. ओठ फुटतात, टाचा उलतात, धुतलेले कपडे दोरीवर ताठ होतात. आकाश इतकं मोकळं की रात्रीची सगळी ऊब सरळ वर निघून जाते असं वाटावं.

घरात आम्ही तिघं. मामा, म्हणजे माझे सासरे, आत्या, म्हणजे सासूबाई, आणि मी. संदीप, माझा नवरा, मुंबईला गोदीत कामाला. धाकटे दीर सैन्यात. मामा-आत्यांचा जन्म मेंढरांमागे गेलेला. दिवाळी झाली की कळप घेऊन खाली उतरायचं, विटा ओलांडून पलूसकडे, कृष्णाकाठच्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडावर परत माळावर यायचं. मामांचं खुब्याचं हाड दुखायला लागलं आणि ते चालणं संपलं. मेंढरं विकली. मी लग्न होऊन आले तेव्हा परड्यातला मेंढरांचा वाडगा रिकामाच होता. तरी आत्या पहाटे उठून तिथे जाऊन उभ्या राहायच्या, काही काम नसताना.

आत्या कमी बोलायच्या. ‘पाणी तापलंय.’ ‘ऊन उतरलं.’ ‘जेव.’ एवढंच. मला सुरुवातीला वाटायचं, मी शहरातली म्हणून राग आहे. नंतर कळलं, त्या सगळ्यांशीच अशा. मामांशीही. दोघं शेजारी बसून दुपार काढायची आणि दुपार संपेपर्यंत एक शब्द व्हायचा नाही. भांडण नव्हतं, काही नव्हतं. सवय होती.

संदीपने दिवाळीच्या सुट्टीत ससे आणले. पलूसच्या बाजूला त्याच्या ओळखीच्या कुणाचं शेड होतं, तिथून पिंजऱ्यांसकट. “आईचा वेळ जाईल,” तो म्हणाला. मामांनी पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “ह्ये पाळायचं जनावर हाय व्हय रं? ह्याला ना आवाज, ना शिंग.” आत्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पहाटे मी परड्यात गेले तर त्या एका पांढऱ्या मादीसमोर उकिडव्या बसल्या होत्या. मादी नाक हलवत होती आणि आत्या तिच्याकडे बघत होत्या, दोघींनाही घाई नव्हती.

मेंढरांच्या वाडग्यालाच वरून पत्रा टाकून आम्ही शेड केलं होतं. पिंजरे जाळीचे, खालूनही जाळी, म्हणजे लेंड्या खाली पडाव्यात. उन्हाळ्यात ते सोयीचं. थंडीत काय, हा विचार आमच्यापैकी कुणी केला नव्हता. मेंढी उघड्यावर विते, कोकरू घटकाभरात उभं राहतं, आई चाटून कोरडं करते. सशाचंही तसंच असेल असं आम्ही धरून चाललो.

म्हसवडची यात्रा संपली आणि थंडी वाढली. एका सकाळी मी पाला घेऊन शेडमध्ये गेले आणि पांढऱ्या मादीच्या पिंजऱ्याखाली जमिनीवर मला काहीतरी गुलाबी दिसलं. आधी वाटलं, गाजराचा तुकडा. वाकून बघितलं. मग वर जाळीकडे बघितलं. जाळीवर आणखी होती, विखुरलेली, एक इथे, एक तिथे. डोळे मिटलेले, अंगावर केस नाही, कातडीतून आतलं दिसावं इतकी पातळ. सगळी गेलेली. आणि आई कोपऱ्यात बसून शांतपणे पाला चघळत होती.

मी किंचाळले नसेन, पण पाल्याची पाटी हातातून पडली ती मला आठवते. आत्या आल्या. त्यांनी पदरात एकेक पिल्लू गोळा केलं, कडुलिंबाखाली खड्डा काढला आणि पुरलं. हात धुताना म्हणाल्या, “आडोसा पायजे हुता तिला.”

त्याच दुपारी मामा म्हसवडला गेले आणि फळवाल्याकडून सफरचंदाची लाकडी खोकी घेऊन आले. ज्यांना जनावराला शिंग नाही म्हणून राग होता, ते दुखऱ्या खुब्यावर भार न देता परड्यात बसून खिळे ठोकत होते. पेटी किती मोठी हवी? मादी आत वळली पाहिजे, पण पसरून बसता येऊ नये. रिकामी जागा राहिली की तेवढी थंडी आत शिरते. तळाला चार भोकं, ओल खाली जावी म्हणून. समोरची बाजू तीन बोटं उंच, कारण दूध पिताना एखादं पिल्लू आईला लोंबकळत बाहेर आलं तर ससीण त्याला तोंडात धरून परत नेत नाही. मांजर नेते, कुत्री नेते, ही नेत नाही. हे मला संदीपच्या ओळखीच्या माणसाने फोनवर सांगितलं तेव्हा पटलंच नव्हतं. “दिवसातून एकदा, फार तर दोनदा दूध पाजते, तेही घाईत,” तो म्हणाला. “बाकी वेळ जवळ जात नाही. पेटीच त्यांची आई समजा.”

आम्ही पेट्यांत तळाला लाकडाचा भुसा घातला, वर वाळलेलं मऊ गवत. शेडच्या बाजूंना संध्याकाळी बारदान सोडायचं आणि सकाळी ऊन आलं की गुंडाळायचं. त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे. सफरचंदाच्या लाकडी खोक्यांना आंबटगोड वास असतो, त्यात बारदानाचा, गवताचा, सशांच्या मुताचा उग्र वास मिसळलेला. अशा वासात मला का बरं वाटायचं, सांगता येणार नाही.

आत्यांनी शेवटच्या कातरणीची लोकर एका पोत्यात जपून ठेवली होती. मेंढरं गेली तरी ते पोतं त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. ते त्यांनी सोडलं, लोकर बोटांनी पिंजली आणि एका पेटीत गादीसारखी पसरली. इतकी सुंदर दिसत होती ती पेटी की मी मोबाइलवर फोटो काढून संदीपला पाठवला. त्या पेटीत काळी मादी व्याली. तिसऱ्या दिवशी बघतो तर लोकरीचे लांब धागे पिल्लांच्या पायांना, मानेला दोऱ्यासारखे गुंडाळले होते. एकाचा पाय निळा पडलेला. आत्यांनी कात्रीच्या टोकाने धागे कापले. एक पिल्लू वाचलं नाही. “माज्याच लोकरीनं,” एवढंच म्हणाल्या आणि राहिलेली लोकर पोत्यात कोंबून माळ्यावर टाकून दिली.

त्यानंतर आठवड्याने मी आणखी एक गोष्ट बघितली. पांढरी मादी पुन्हा व्यायला आली होती. पेटी आत ठेवल्यावर तिने तोंडात गवत धरून इकडेतिकडे केलं, मग मान खाली घातली आणि स्वतःच्या पोटाचे केस दातांनी उपटायला लागली. मी घाबरून आत्यांना हाक मारली. वाटलं, तिला काहीतरी रोग झाला. ती एकेक पुंजका उपटत होती, पेटीत नेऊन ठेवत होती, परत उपटत होती. पोट उघडं पडलं, गुलाबी, तिच्या पिल्लांच्या रंगाचं. त्या थंडीत.

आत्या दारात उभ्या राहून बघत होत्या. मग त्या खाली बसल्या. मातीतच. “सोताच्या अंगावरलं काढती,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “हो आत्या, पिल्लांना ऊब पाहिजे ना.” त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खांद्यावरची शाल दोन्ही हातांनी घट्ट धरून त्या बसून राहिल्या, आणि मग एकाएकी शाल काढून बाजूला टाकली. मला नवल वाटलं. पण माझ्या डोक्यात पिल्लं होती, मी विचारलं नाही.

पुढच्या गोष्टीकडे यायला मला अजून धीर गोळा करावा लागतो.

त्याच आठवड्यात एका रात्री वाऱ्याने एका बाजूचं बारदान सुटलं असावं. सकाळी गेले तेव्हा ते एका टोकाला लोंबत होतं, आणि तपकिरी मादी पेटी सोडून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात व्याली होती. पेटी कोरडी, नीटनेटकी, रिकामी. पिल्लं जाळीवर. मी एकेक हातात घेतलं. कालच्या नळाच्या पाण्यासारखी गार, ताठ, रंग राखाडी झालेला. मी रडले नाही. तोवर मी थोडी निबर झाले होते. घमेल्यात बारदानाचा तुकडा टाकून त्यावर ती ठेवली आणि कुदळ घ्यायला घराकडे आले.

परड्याच्या कोपऱ्यात आंघोळीच्या पाण्याचं चुलवण पेटलेलं होतं. आत्या त्याच्यापुढे बसून शेण्या सारत होत्या. “सगळीच?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. घमेलं चुलवणाच्या कट्ट्यावर टेकवलं आणि कुदळ शोधायला आत गेले. कुदळ जागेवर नव्हती. मामांनी ती कुठे ठेवली म्हणून मी शोधत बसले, फोन वाजला तो घेतला, संदीप होता, त्याच्याशी बोलले. थोडक्यात, मला वेळ लागला.

आणि मग आत्यांची किंकाळी ऐकू आली.

त्या माणसाच्या तोंडून मी तोवर मोठा आवाजही ऐकला नव्हता. मला वाटलं, पदर पेटला. धावत आले. आत्या घमेल्यावर वाकल्या होत्या, दोन्ही हात हवेत तसेच धरलेले. “हाललं,” त्या म्हणाल्या. “मनीषा, ह्ये हाललं.”

मी बघितलं. काही नव्हतं. राखाडी, गार, ताठ. मग एका पिल्लाचं तोंड उघडलं. जांभई दिल्यासारखं, अगदी हळू. मिटलं. परत उघडलं.

मला आजही त्या क्षणाचं वर्णन जमत नाही. आनंद नव्हता तो, आधी नुसती भीती होती. मेलेल्यात जमा केलेलं काहीतरी आपल्याकडे तोंड उघडतं आहे. मग हात कामाला लागले. मी बाटलीत गरम पाणी भरलं, टॉवेलात गुंडाळलं. आत्यांनी पिल्लं ओंजळीत घेतली आणि चुलवणाच्या उबेला हात धरून बसल्या, मधूनच तोंडाजवळ नेऊन त्यांच्यावर श्वास सोडायच्या. रंग बदलायला लागला. राखाडीचा जांभळा, जांभळ्याचा गुलाबी. एक वळवळलं. दुसरं. मामा आवाज ऐकून काठी टेकत आले आणि मागे उभे राहून बघत राहिले. दोन पिल्लं नाही उठली. बाकीची सगळी उठली. आम्ही पेटीत गवत आणि पांढऱ्या मादीचे उरलेले केस घालून त्यांना आत ठेवलं, संध्याकाळी तपकिरी मादीला धरून पेटीत बसवलं, तिने दूध पाजलं. पण ते नंतरचं.

सकाळी त्या चुलवणापाशी मी हसत होते. अंगात वीज भरली होती माझ्या. आत्या मात्र हसत नव्हत्या. शेवटचं पिल्लू त्यांच्या तळहातावर होतं.

“ह्ये मेलं व्हतं,” त्या म्हणाल्या.

“नाही आत्या, गार पडलं होतं फक्त.”

“गार पडलं म्हंजी मेलं न्हाई?”

“नाही ना! बघा की, जिवंतच होती. आपल्याला कळलं नाही एवढंच.”

हे मी किती आनंदाने बोलले. किती सहज.

आत्यांनी पिल्लावरची नजर उचलली आणि माझ्याकडे बघितलं. “मग माजं?”

मला कळेना. “तुमचं काय, आत्या?”

“माजं लेकरू. त्ये बी असंच गार पडलं व्हतं.”

मागे मामांच्या काठीचा आवाज झाला. मी वळून बघितलं तर ते पाठ फिरवून घराकडे निघाले होते.

त्या सकाळी आत्या जेवढं बोलल्या तेवढं दोन वर्षांत बोलल्या नव्हत्या. संदीपच्या आधीची गोष्ट. लग्नानंतरचा पहिलाच हिवाळा, कळप पलूसच्या पुढे नदीच्या अंगाला होता. दिवस भरायला अजून अवकाश होता, पण पहाटे चालता चालता वेणा सुरू झाल्या. धुकं असं की पुढचं मेंढरू दिसेना. बांधाच्या आडोशाला बाळंत झाल्या. सोबत कळपातली एक म्हातारी होती. रक्त फार गेलं. शुद्ध हरपत होती, परत येत होती. “रडण्याचा आवाज न्हाई आला. म्हातारी म्हणाली, गार पडलंय. मग ह्यांनी उचलून नेलं. मी शुद्धीवर आले तवा सगळं झालं व्हतं.” आत्या थांबल्या. चुलवणातली शेणी ढासळली. “घोंगडं एकच व्हतं जवळ. त्ये माज्या अंगावर घातलं हुतं.”

थोड्या वेळापूर्वी मी एवढी शहाणी होते.

संध्याकाळी मी संदीपला फोन केला. त्याच्या मागून क्रेनचा आवाज येत होता. तो म्हणाला, “काय बोलतीयस तू? थोरला मी आहे.” त्याला माहीत नव्हतं. घरात कुणालाच नव्हतं. ज्यांना होतं ती दोघं शेजारी शेजारी बसून इतक्या दुपारी काढत आली होती, आणि त्यांच्यामध्ये हे होतं.

आत्या शेडमध्ये यायच्या बंद झाल्या. भाकरी अर्धी टाकून उठायच्या. पहाटे वाडग्यात जाऊन उभं राहणंही थांबलं. मी एकटीच पेट्या बघायची, गवत बदलायची, बारदान सोडायची, गुंडाळायची. पिल्लं वाढत होती, अंगावर मखमल यायला लागली होती, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

गुडघ्यांच्या निमित्ताने मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती, सारखी घाईत. गोळ्या लिहून झाल्यावर आत्या खुर्चीवरून उठल्या नाहीत. बाहेर रांग होती, दार उघडं होतं. त्यांनी सरळ विचारलं, “बाई, बाळ जल्मल्यावर गार पडलं, रडलं न्हाई, तर त्ये जित्तं असू शकतं का?”

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, मग आत्यांकडे. “कधीची गोष्ट?” आत्यांनी सांगितलं. ती मुलगी उठली आणि तिने दार लोटून घेतलं. म्हणाली, “आजी, मला नाही सांगता येणार. कधी कधी असू शकतं. बहुतेक वेळा नसतं. त्या बाळाला मी बघितलेलं नाही.” मला तिचा राग आला. नाही म्हणून मोकळी झाली असती तर काय बिघडलं असतं? आत्यांनी मात्र मान डोलावली. येताना जीपमध्ये म्हणाल्या, “खोटं न्हाई बोलली.” आणि थोड्या वेळाने, “ज्यानं बघितलं त्यालाच इचाराय पायजे.”

त्यांनी लगेच विचारलं नाही. मला वाटलं, विचारणारच नाहीत. इतक्या वर्षांची गप्पगप्प राहायची सवय अशी एका दिवसात कुठली मोडायला?

मग एका दुपारी मामा ओसरीवर एक पेटी दुरुस्त करत होते. काळ्या मादीने तिची कड कुरतडून टाकली होती. मी पायरीवर तांदूळ निवडत होते. आत्या आतून आल्या, त्यांच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, “आवं, एक इचारू?”

मामांच्या तोंडात खिळे होते. त्यांनी ते काढून हातात घेतले. मला वाटतं, त्यांना माहीत होतं. त्या सकाळपासून ते वाटच बघत असावेत.

“पुरताना तुमी बघितलं व्हतं का? नीट? जीव हाय का न्हाई?”

मी उठायला लागले. मामांनी हातानेच मला बसवलं. बराच वेळ ते खिळ्यांकडे बघत होते.

“लगेच कुठं पुरली?” ते म्हणाले.

आत्या हलल्या नाहीत.

“म्हातारीनं हातात दिली आन म्हणाली, न्हाई ऱ्हायली. म्या बंडीच्या आत घातली. उघड्या अंगाला. वरून पटका गुंडाळला. मेंढरं पुढं ग्येली हुती, तुला एकाच्या बैलगाडीत घातलं हुतं. चालत व्हतो. म्हणलं, हालली तर हालली. ऊन चढलं. माजं अंग तापलं, घाम सुटला. तिचं न्हाई तापलं.” ते थांबले. “कान लावून बघत व्हतो. दर बांधाला थांबून बघत व्हतो. दुपार कलल्यावर मग दिली मातीला. नदीच्या अंगाला, करंजाखाली.”

ओसरीवर ऊन आलं होतं. कुठेतरी होला घुमत होता. मी सुपातले तांदूळ निवडल्यासारखं करत होते आणि मला एकही दाणा दिसत नव्हता.

“मला का न्हाई सांगितलं?” आत्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. निव्वळ आश्चर्य होतं.

“तू शुद्धीवर आलीस तवा पयलं म्हणालीस, मेंढरं कुठं हायती. तिचं काय झालं त्ये तू इचारलंच न्हाईस. म्हणलं, हिला नगं आसंल. म्या बी मग न्हाई काढलं.”

“मी भेले व्हते,” आत्या म्हणाल्या. “इचारलं की खरं हुईल म्हणून.”

आणि मग आत्यांनी जे विचारलं, त्याने माझ्या अंगावर काटा आला. इतका वेळ माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं. चुलवणापाशी, दवाखान्यात, सगळीकडे आत्या ‘ते’ म्हणत होत्या. माजं लेकरू. त्ये बाळ. मामा मात्र पहिल्या वाक्यापासून वेगळंच म्हणत होते.

“ती?” आत्यांनी विचारलं. “पोरगी हुती?”

मामांनी मान वर केली. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. एखाद्याला कळावं की समोरच्याला एवढंही माहीत नव्हतं, आपण आजवर एकटेच हे घेऊन फिरत होतो, तसा. “तुला ठावं न्हाई?”

आत्यांनी नकारार्थी मान हलवली.

“पोरगी व्हती,” मामा म्हणाले. “जावळ लय व्हतं. काळंभोर. नाक तुजं.”

आत्यांनी पदर तोंडाला लावला नाही, की हुंदका दिला नाही. त्या आपल्या बसल्या होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते मला ऐकू आलं नाही. मामांनी हात लांब केला आणि त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. माझ्यासमोर. त्या दोघांना एकमेकांना हात लावताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मी सूप घेऊन आत गेले.

ससे आम्ही पुढे आणखी काही हिवाळे ठेवले. आत्या परत शेडमध्ये यायला लागल्या. पेट्या त्याच लावायच्या. गवत त्याच घालायच्या, आणि मादी केस उपटायला लागली की बाहेर निघून यायच्या. तेवढं त्यांना कधी बघवलं नाही. मग मामा गेले, संदीपला साताऱ्यात काम मिळालं, पिंजरे म्हसवडच्या एकाने नेले. आत्या आता आमच्याकडे असतात. तिसरा मजला आहे, गॅलरी आहे, ऊन येतं. इमारतीतल्या बायका त्यांना बोलतं करू बघतात. आत्या अजूनही कमीच बोलतात.

काल दुपारी शेजारच्या नव्या भाडेकरूंची आई त्यांच्याजवळ येऊन बसली. मी आत चहा टाकला. उन्हात बसून दोघींचं चाललं होतं, गाव कुठलं, शेती किती, गुडघे कसे आहेत.

“मुलं किती तुम्हाला?” त्या बाईंनी विचारलं.

“तीन,” आत्या म्हणाल्या. “थोरली पोरगी. मग दोन पोरं.”

मी कप हातात घेऊन गॅलरीच्या दारातच थांबले.

“अरे वा, पहिली मुलगी! बरं असतं. कुठं दिलीय तिला?”

आत्यांनी उन्हाकडे बघितलं. डोळे बारीक केले.

“पलूसकडं,” त्या म्हणाल्या. “नदीच्या अंगाला.”